घरच्या भाषेचं काय लिहायचं?

सोलापूरच्या पूर्व भागातलं झेरॉक्सचं दुकान. मागच्या बोळात यंत्रमागांची खटखट चालू, त्यामुळे काउंटरवर सगळेच जरा मोठ्यानं बोलतात. इथं लग्नाचे बायोडेटा छापतात आणि नोकरीचेही, आणि दुकानदार अण्णांच्या संगणकात दोन्ही एकाच फोल्डरमध्ये राहतात. नोकरीच्या कागदावर उंची आणि रक्तगट येतो तो तिथूनच, असा माझा संशय आहे.

निवृत्तीनंतर मी अधूनमधून इथं येऊन बसतो. त्या दिवशी समोर बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी होती. पुण्यात अकाउंट्स असिस्टंटची जागा निघालेली. पेनड्राइव्हमधल्या फाइलचं नाव ‘बायोडेटा न्यू फायनल 2’. सुरुवातीला नामांकित संस्थेत आव्हानात्मक पद मिळवण्याचं उद्दिष्ट, अनुभवाच्या रकान्यात ‘फ्रेशर’, छंद क्रिकेट आणि पोहणे.

“पोहतेस?”

“नाही सर. ते आधीपासून होतं त्यात.”

आधीपासून म्हणजे ज्या कुणा सीनिअरची फाइल नावं बदलत तिच्यापर्यंत आली, त्याच्यापासून. आणि तळाशी, वरील सर्व माहिती खरी असल्याची प्रतिज्ञा.

कॉलेज सुटल्यावर काय करतेस, विचारलं. “टॉवेलच्या दुकानात बसते, पाच ते नऊ.” बसते म्हणजे काय, हे काढायला अर्धा तास गेला. दोन वर्षं टॅलीत खरेदी-विक्रीच्या नोंदी तीच करते. टॉवेलचा एचएसएन कोड 6302 तिनं न बघता सांगितला. परराज्यात 50 हजारांच्या वरचा माल निघाला की ई-वे बिल तीच काढते, आणि वाटेत गाडी बदलली तर ‘पार्ट बी’त नवा नंबर टाकते.

“मग हे का नाही लिहिलंस?”

“ते काम हाय की सर. अनुभव कुठं हाय?”

अण्णासुद्धा टायपिंग थांबवून हसले. मला मात्र हसू आलं नाही. तीस वर्षं कॉमर्स शिकवून आम्ही पोरांना हाच फरक शिकवला की काय!

पहिला खर्डा तिचा होता: दुकानात कॉम्प्युटरचं काम केलं. कसलं काम? बिलांचं. रोज किती? “वीस-पंचवीस. दिवाळीत मोजत नाही.” मग ओळ झाली: रोज 20–25 विक्री बिलांची टॅलीत नोंद, परराज्यातल्या मालाची ई-वे बिलं, दोन वर्षं. शेजारी ‘हार्डवर्किंग’ घालायचा तिचा हट्ट होता. पाच ते नऊ ही वेळ लिही म्हटलं, ती वेळच ते सांगते. उंची, रक्तगट, वडिलांचा व्यवसाय, पोहणे, सगळं गेलं. दोन पानांचं एक झालं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. हैदराबादची पार्टी. गाठोडी, डझन, ट्रान्सपोर्ट असे ओळखीचे शब्द मध्येमध्ये ऐकू येत होते, बाकी सगळं झरझर तेलुगू. भांडणही मिटवलं बहुतेक, कारण शेवटी दोघं हसले.

मी भाषांची ओळ पाहिली. मराठी, हिंदी, इंग्रजी.

“तेलुगू?”

“ती घरची भाषा. तिचं काय लिहायचं?”

तेलंगणातून मागावर काम करायला आलेल्या पद्मशाली कुटुंबांनी या भागात पिढ्या काढल्या. घरात तेलुगू, शाळेत मराठी, बाजारात कन्नडही कानावर. त्यामुळे पोरांना ही मिळकत वाटतच नाही. मी म्हटलं, इंग्रजीच्या आधी लिही. तिनं मराठीनंतर लिहिली, आणि बरोबर केलं.

अण्णांनी प्रिंट काढली. मुलगी ती घडी न घालता वहीत ठेवून गेली; सकाळची पुण्याची हुतात्मा एक्सप्रेस पकडायची होती.

मागं उभा असलेला मंगळवेढ्याकडचा पोरगा पुढं सरकला. “अण्णा, हाच फॉरमॅट द्या. फक्त नाव बदला.”

“तेलुगू काढू का?”

त्यानं पडद्याकडं पाहिलं. “राहू द्या. थोडं कळतंय.”