द्राक्षमळ्यावर चालणारे इस्पितळ

कापणीच्या सणाला मिस्सा आटोपल्यावर देवळाच्या आवारात लिलाव होतो, तो आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. भोपळा, गावठी कोंबडा, गुळाची ढेप, शाळूची पेंढी असे जे कोणी अर्पण केले असेल ते बोलीवर चढते. बाजारात चाळीस रुपयांना मिळणारा भोपळा पाचशेला जातो आणि घेणाऱ्याला त्याचे काही वाटत नाही, कारण ते पैसे कोठे जाणार हे त्याला ठाऊक असते. गेल्या खेपेस लिलाव संपल्यावर अथणीकडे द्राक्षबाग असलेला एक तरुण आमच्याजवळ आला व म्हणाला, "फादर, आपणबी वाईनचा कारखाना काढून त्याच्या नफ्यावर दवाखाना चालवला तर?" शेजारी एक बाई उभ्या होत्या. त्यांचे यजमान दारूपायी ऐन चाळिशीत गेले. त्या पटकन बोलल्या, "म्हंजे आधी दारू पाजायची आन् त्याच पैशानं औषध द्यायचं व्हय?"

दोघांनाही उत्तर देण्याचे आम्ही कबूल केले. ते तोंडी देण्याजोगे आटोपशीर नाही, म्हणून येथे लिहीत आहोत.

असे इस्पितळ जगात आहे, आणि ते पावणेसहाशे वर्षांचे आहे. फ्रान्स देशात बर्गंडी प्रांतात बोन नावाचे गाव आहे. पंधराव्या शतकात तेथील लोकांनी दीर्घ लढाई पाहिली. तह झाला तरी बिनपगारी झालेले शिपाई गावे लुटत फिरत. दुष्काळ आणि साथीचे रोग मागोमाग होतेच. बोनमधील बहुतेक कुटुंबे कंगाल झाली होती. त्या वेळी बर्गंडीच्या ड्यूकचा मुख्य कारभारी निकोला रोलँ आणि त्याची पत्नी गिगोन द सालँ या दोघांनी ४ ऑगस्ट १४४३ रोजी गोरगरिबांसाठी इस्पितळ स्थापन केले. रोलँ हा काही साधुपुरुष नव्हता. कारभारात त्याने स्वतःसाठी भरपूर माया जमवली, असे त्याच्याविषयी बोलले जाई. पण इमारत मात्र त्याने अशी बांधली की आजही लोक ती पाहायला लांबून येतात. १ जानेवारी १४५२ रोजी पहिला रुग्ण आत घेतला गेला.

गरिबांचे दालन म्हणून जे मोठे दालन आहे त्यात दोन्ही भिंतींना लागून खाटांच्या ओळी आहेत आणि टोकाला वेदी आहे. रुग्णाला खाटेवरूनच मिस्सेत सहभागी होता यावे अशी ती योजना होती. वेदीवर रोजिर वान डर वेयडन या नामवंत चित्रकाराचे अंतिम न्यायाचे चित्र होते. ते दारांसारखे मिटता येई व रविवारी आणि सणाच्या दिवशी उघडले जाई. धर्मभगिनींनी तेथे पाच शतकांहून अधिक काळ शुश्रूषा केली. १९७१ साली रुग्णसेवा नव्या इमारतीत हलवली गेली. जुनी इमारत आता संग्रहालय आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. इस्पितळ बांधणे एक आणि ते चालवणे दुसरे. रोलँने मिठागराच्या उत्पन्नातून दरसाल ठरावीक रक्कम लावून दिली होती, पण तेवढ्याने शतके निघत नाहीत. १४५७ साली गिय्मेत लवेर्निए नावाच्या एका बाईने आपला द्राक्षमळा इस्पितळाला दान दिला. तेथून प्रथा पडली. कोणी मरताना मळा लिहून दिला, कोणी उपचाराच्या कृतज्ञतेने दिला. असे करत करत आज त्या इस्पितळाच्या मालकीची सुमारे ६० हेक्टर, म्हणजे जवळजवळ दीडशे एकर, द्राक्षबाग आहे. ती वीसबावीस बागवानांमध्ये वाटून कसली जाते. सर्व कारभारावर २०१५ पासून लुदिव्हीन ग्रिव्हो या बाई आहेत. या कामावर आलेल्या त्या पहिल्याच स्त्री. वाईनच्या निरनिराळ्या वाणांना जुन्या दात्यांची नावे दिलेली आहेत, त्यामुळे रोलँ आणि गिगोन यांची नावे आजही बाटलीवर वाचायला मिळतात.

१८५९ पासून ही वाईन जाहीर लिलावाने विकली जाते. नोव्हेंबरचा तिसरा रविवार हा लिलावाचा दिवस. पीप २२८ लिटरचे असते. वाईन अवघी दोनअडीच महिन्यांची, पिण्यास न झालेली असते. बोली जिंकणाऱ्याने ती पुढे वर्ष दीड वर्ष मुरवायची. पूर्वी बोलीची मुदत मेणबत्तीवर मोजीत. जळती वात विझली की बोली संपली! एक पीप निराळे ठेवलेले असते. त्याचे पैसे इस्पितळाला न जाता बाहेरच्या धर्मादाय कामांना जातात. २०२२ साली ८०२ पिपे निघाली आणि सुमारे ३ कोटी युरो जमले. त्याच्या आदल्या वर्षी, एप्रिल २०२१ मध्ये, कोवळ्या फुटीवर हिम पडले होते व पिपांची संख्या निम्म्याहूनही खाली आली होती. बागाईतदारांना हे सांगायला नको. फुलोऱ्यात अवकाळी पाऊस आला की काय होते ते अथणी-तासगावकडील कोणीही सांगेल.

या भागातील बागवानांची आणखी एक रीत आम्हांस विशेष भावली. द्राक्ष बागवानांचा आश्रयदाता संत व्हिन्सेंट, त्याचा सण २२ जानेवारीला. त्याच्या नावाने गावोगावी मंडळे आहेत. मंडळातील कोणी आजारी पडला तर बाकीचे जाऊन त्याच्या वेलींची छाटणी करून देतात. आपल्याकडे पैरा करतात तसेच, फक्त येथे फेड मागत नाहीत.

तर मग आपणही वाईन काढावी काय? शेतीच्या बाजूने आधी पाहू. कर्नाटक सरकारने २००७ साली द्राक्ष व वाईनचे धोरण जाहीर केले आणि कृष्णा खोऱ्याकडेही लक्ष दिले. पण वाईनचे द्राक्ष आणि आपले खाण्याचे द्राक्ष एक नव्हे. वाईनचा मणी लहान, जाड सालीचा, बियांचा. तो बाजारात कोणी घेत नाही आणि त्याचा बेदाणाही चांगला होत नाही. कारखान्याने माल नाकारला की शेतकऱ्याच्या हाती काही उरत नाही. महाराष्ट्रात २००८ नंतर नेमके हेच झाले. वाईनचा खप मंदावला, माल पडून राहिला आणि कित्येकांनी उभ्या बागा उपटल्या. एकाच गिऱ्हाइकाच्या भरवशावर पीक घेणे म्हणजे काय, हे निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी फार पूर्वी भोगले आहे. माल वखारीत टाकायचा आणि भाव व्यापारी सांगेल तो. १९८१ च्या आंदोलनात याच भावासाठी लोक रस्त्यावर बसले आणि गोळीबारात शेतकऱ्यांचे प्राण गेले. बोनचा लिलाव उघड्यावर होतो, भाव सर्वांच्या कानांवर पडतो. आमच्या मते वाईनपेक्षा ही गोष्ट मोलाची आहे.

आता त्या बाईंचा प्रश्न. त्यांचे म्हणणे आम्हांस हसण्यावारी नेता येत नाही. पौलाने तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घेण्यास सांगितले, हे वचन पाठ असलेले पुष्कळ भेटतात. त्यांना पौलाचे दुसरे वचन आठवत नाही. त्या काळी पाणी दूषित असे आणि औषधे नव्हती. आज जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले आहे की मद्याचे निर्धोक असे कोणतेच प्रमाण नाही. मद्याने कर्करोग होतो हे तर १९८८ पासून मान्य झालेले आहे. यात वाईन, बिअर, गावठी असा भेद नाही. दारू हलकी असो की भारी, यकृताला बाटलीवरील नाव वाचता येत नाही. वेदीवरील द्राक्षारस ही वेगळी गोष्ट. तो द्राक्षांचाच, नैसर्गिक व न नासलेला असावा असा चर्चचा नियम आहे आणि तो वाटीभर लागतो. त्यावर कारखाना उभा राहत नाही.

येथे आम्हांस थोडे स्वतःकडेही पाहावे लागते. आमच्या धर्मग्रामात कित्येक घरांचे शिक्षण तंबाखूवर झाले आहे. ओल्या पानांतील विष कातडीतून अंगात जाते, वखारीतील बायांच्या छातीत धूळ बसते, तरी चूल त्यावर पेटते. सणाच्या अर्पणात त्या पैशाचा वाटा आम्ही कधी परत केलेला नाही. तेव्हा बोनच्या लोकांना दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाही. पण नवे काही सुरू करायचे तर ते दारूने नको, असे आमचे मत झाले आहे. ज्या घरांना दवाखान्याची गरज पडणार, त्यांतील निम्मी घरे दारूनेच मोडलेली असतील, तर तो हिशेब आम्हांस जमत नाही.

गिय्मेतबाईने दिले ते मात्र वाईन नव्हे, जमीन दिली. आणि ती पुढे कोणी विकून खाल्ली नाही. परदेशी देणग्यांवर उभे राहिलेले किती धर्मादाय दवाखाने देणग्या आटल्यावर ओस पडले! ज्याच्या पाठीशी स्वतःचे पीक आहे ते टिकते. आपल्याकडे संस्थेच्या नावे शेतजमीन करणे कायद्याच्या दृष्टीने नाजूक आहे. वकिलास विचारल्याखेरीज कोणी उतारा बदलायला जाऊ नये. त्यापेक्षा सोपे असे की जमीन आपल्याच नावे ठेवावी व एखाद्या गुंठ्याचे पीक दरसाल औषधनिधीला लावून द्यावे. ऊस असो, सोयाबीन असो, भुईमूग असो. विक्री आवारात, सर्वांसमक्ष व्हावी आणि जमाखर्च देवळाच्या दारावर लावावा.

हे आम्ही त्या तरुणाला बोलून दाखवले. तो जरा हिरमुसला. वाईनमध्ये जो थाट आहे तो बेदाण्यात नाही, हे खरेच. पण आठ दिवसांनी त्याचा निरोप आला की बागेतील दोन ओळींचा बेदाणा तो देणार आहे. वजन कोणाच्या काट्यावर व कोणाच्या देखत करायचे, एवढे अद्याप ठरायचे आहे. ते काम आम्ही त्या बाईंकडे सोपवावे असे म्हणत आहोत.