प्रवेश तर मिळाला, पुढचं काय?

 

बारावीचा निकाल लागला की गटाच्या बैठकीत हप्त्यांआधी दाखल्यांचं बोलणं निघतं. जातीचा दाखला निघाला का, पडताळणी झाली का, यादीत नाव लागलं का. प्रवेश मिळाला की आपण पेढे वाटतो आणि जिंकलो म्हणतो. पण कायद्याचं काम तिथे संपत नाही. कॉलेजच्या आत मुलीला कशी वागणूक मिळाली पाहिजे, याचेही नियम आहेत. ते आयांना माहीत असावेत, म्हणून आज हा विषय घेतला.

आधी एक गोष्ट पक्की करू. राखीव जागा हा कुणाचा उपकार नाही. आपल्या महाराष्ट्रात कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९०२ सालीच संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखल्या. पुढे १९५१ मध्ये राज्यघटनेत पहिली दुरुस्ती झाली, तेव्हा कलम १५ मध्ये मागासवर्गीयांच्या शिक्षणासाठी खास तरतूद करण्याचा अधिकार सरकारला स्पष्टपणे मिळाला. त्यामुळे ‘कोट्यातली’ म्हणून कुणी हिणवलं, तर मान खाली घालण्याचं कारण नाही. ती जागा तिच्या हक्काची आहे.

हक्काची जागा मिळूनही काय घडू शकतं, ते महाराष्ट्राने डॉ. पायल तडवीच्या निमित्ताने पाहिलं. पायल जळगावची, तडवी भिल्ल समाजातली. एमबीबीएस होऊन २०१८ मध्ये तिने मुंबईत नायर रुग्णालयाच्या वैद्यकीय महाविद्यालयात स्त्रीरोग विषयाच्या पुढच्या शिक्षणाला प्रवेश घेतला. नायर म्हणजे मुंबई सेंट्रलचं, आपण भाईंदरहून लोकल धरून उपचारांना जातो ते. २२ मे २०१९ रोजी, वयाच्या २६व्या वर्षी, पायलने आपलं जीवन संपवलं. वरिष्ठ डॉक्टर तिला जातीवरून टोमणे मारत, छळत, आणि आधी सांगूनही कुणी दखल घेतली नाही, असं तिच्या घरच्यांचं म्हणणं आहे. तीन वरिष्ठ डॉक्टरांना अटक झाली. दोष कुणाचा, ते न्यायालय ठरवेल.

इथे आपल्या भागातल्या बायांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पायल धर्माने मुसलमान होती आणि तरी अनुसूचित जमातीची होती. अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही, त्यामुळे ख्रिस्ती झालेल्या आदिवासी घरातल्या मुलीचा जमातीचा हक्क केवळ धर्मामुळे जात नाही. अनुसूचित जातीचं मात्र तसं नाही. ती सवलत हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच आहे. दाखला काढताना हा फरक विचारून घ्या.

आता नियम काय सांगतात ते पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ मध्ये समान वागणुकीचे नियम काढले. जात, धर्म, भाषा, वंश, लिंग किंवा अपंगत्व यांवरून विद्यार्थ्यात भेद करायचा नाही. वर्गात जात पुकारून उभं करणं, वेगळं बसवणं, मेसमध्ये किंवा हॉस्टेलमध्ये दूर ठेवणं, जातीमुळे गुण कमी देणं, हे सगळं भेदभावात येतं. कोळी, आगरी किंवा ईस्ट इंडियन बोलीवरून मुलीला वर्गात खाली पाहायला लावणं, किंवा मणिपूर-नागालँडच्या मुलीला चेहऱ्यावरून नावं ठेवणं, हेही चालवून घ्यायचं नाही. संस्थेत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी असला पाहिजे. त्याच्याकडे तक्रार दिली की ६० दिवसांत निर्णय व्हायला हवा.

कागदावर नियम चांगले होते, पण अनेक ठिकाणी ते कागदावरच राहिले. म्हणून दोन आया सर्वोच्च न्यायालयात गेल्या. एक पायलची आई आबेदा तडवी आणि दुसरी राधिका वेमुला. राधिकाताईंचा मुलगा रोहित हैदराबाद विद्यापीठात शिकत होता. त्याने १७ जानेवारी २०१६ रोजी जीवन संपवलं. नियम नीट पाळले जावेत, एवढंच या दोघींचं २०१९ पासूनचं मागणं. त्यानंतर आयोगाने जानेवारी २०२६ मध्ये नवे नियम आणले. त्यावर वाद झाला आणि त्याच महिन्यात न्यायालयाने त्यांना स्थगिती दिली. तोवर २०१२ चेच नियम लागू राहतील, असं न्यायालयाने सांगितलं.

याशिवाय आणखी दोन कायदे हाताशी आहेत. पहिला, महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंगबंदी कायदा. तक्रार आली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची आणि तथ्य दिसलं तर पोलिसांकडे पाठवायची. त्याने दुर्लक्ष केलं तर तोही दोषी धरला जातो. दुसरा, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा, म्हणजे ज्याला आपण ‘ॲट्रॉसिटी’ म्हणतो. तो अनुसूचित जाती आणि जमातींसाठी आहे.

मग आईने काय करायचं? मुलगी सहसा आधी घरीच सांगते. “मला इथे करमत नाही,” “मला कामालाच जुंपतात,” “माझ्याशी कुणी बोलत नाही,” असं ती फोनवर म्हणाली, तर “सहन कर, शिक्षण महत्त्वाचं” म्हणून फोन ठेवू नका. काय झालं, कधी झालं, कोण होतं, हे तिला तारखेनिशी वहीत लिहायला सांगा. मेसेज पुसू देऊ नका. तक्रार लेखीच द्या आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या, कारण तोंडी तक्रारीचा पुरावा राहत नाही. पोच द्यायला कुणी नाही म्हणालं, तर तीच तक्रार स्पीड पोस्टाने पाठवा. रॅगिंगसाठी १८००-१८०-५५२२ आणि जातीय अत्याचारासाठी १४५६६ हे नंबर आहेत. दोन्ही फुकट लागतात. मुलगी जिवाचं काही बोलली, तर तक्रार मागाहून करा, आधी तिच्याजवळ पोचा.

पुढच्या बैठकीत एवढं करा. गटातल्या कुणाकुणाची मुलं कॉलेजात आहेत, त्यांची यादी करा. त्या प्रत्येक कॉलेजात भेदभावविरोधी अधिकारी कोण आहे, ते मुलांना विचारून यायला सांगा. नाव मिळालं तर हजेरीच्या वहीत लिहून ठेवा. नाही मिळालं, तर गटाच्या लेटरहेडवर प्राचार्यांना पत्र लिहून विचारा. दहा बायांच्या सह्या असलेलं पत्र टेबलावर आलं की उत्तर द्यावंच लागतं.