गोळी कोणाच्या हाती?

एचआयव्हीबाधितांना शासन १ एप्रिल २००४ पासून मोफत औषध देऊ लागले, हे श्रेय निर्विवाद आहे. परंतु हे औषध आयुष्यभर, न चुकता घ्यावयाचे असते. वारंवार खाडे पडले की विषाणू त्याला दाद देईनासा होतो. प्रौढाचा नेम त्याच्या स्वतःच्या हाती असतो, बालकाचा मात्र दुसऱ्याच्या.

आलापल्लीच्या परिसरातील अनेक आदिवासी मुले आश्रमशाळेत राहून शिकतात. त्यांच्यात एखादे बाधित असेल, तर त्याने गोळी ठेवावी कोठे आणि कोणासमोर गिळावी? १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेला कायदा गुप्ततेची हमी देतो, शाळेतील भेदभावही निषिद्ध ठरवितो. मात्र गुप्तता म्हणजे एकाकीपण नव्हे. पालकांच्या संमतीने एकच विश्वासू, प्रशिक्षित अधीक्षक वा परिचारिका त्या मुलाच्या पाठीशी असावी. पावसाळ्यात नाले वाट अडविण्यापूर्वीच पुरेसे औषध हाती द्यावे.

शाळकरी मुलाला त्याचा आजार समजावून सांगावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्येच सुचविले आहे. कारण न कळता दिलेली गोळी मूल गुपचूप टाकून देते. औषध वाटले एवढ्याने शासनाचे कर्तव्य संपत नाही. ते रोज पोटात जाते की नाही, हे पाहणे हेही कर्तव्यच होय.