सनद कोणी काढायची?

नाशिकमध्ये सनद गमावलेल्या वकिलांत सर्वांत ठळक नाव बाबासाहेब खरे यांचे. त्यांनी कोणा अशिलाचे पैसे बुडवले नव्हते, की खोटा दस्त करून दिला नव्हता. परकीय सरकारविरुद्धच्या राजकारणात ते उघडपणे उभे राहिले, एवढाच त्यांचा अपराध. कलेक्टर जॅक्सनच्या कारकिर्दीत त्यांची सनद गेली आणि रवानगी धारवाडच्या तुरुंगात झाली. १९०९च्या जूनमध्ये नाशिकलाच बाबाराव सावरकरांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. २१ डिसेंबरला विजयानंद थिएटरात ‘शारदा’ नाटकाला आलेल्या जॅक्सनवर अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या. हा इतिहास नाशिककरांना पाठ आहे. त्यातला खऱ्यांच्या सनदेचा धागा मात्र सहसा कोणी उचलत नाही.

त्याच वर्षी लंडनमध्येही असेच काही घडत होते. भगूरचे विनायक दामोदर सावरकर बॅरिस्टरीची परीक्षा उत्तीर्ण झाले होते, तरी ग्रेज इनने त्यांना सनद नाकारली. श्यामजी कृष्णवर्मा यांचे नाव इनर टेंपलने १९०९मध्येच यादीतून काढले, तर गांधीजींचे १९२२मध्ये. गांधीजींचे नाव परत यायला १९८८ उजाडले आणि श्यामजींचे यायला २०१५. गंमत अशी, की या संस्था सरकारी नव्हत्या, वकिलांच्याच होत्या. म्हणजे वकिलांचा निवाडा वकिलांनी केला की तो आपोआप निःपक्ष होतो, अशा भ्रमात राहायला नको.

मुंबई इलाख्यातही राजकारणापायी वकिलांवर गंडांतर आले. १९१९मध्ये सत्याग्रहाच्या प्रतिज्ञेवर सही केलेल्या अहमदाबादच्या वकिलांविरुद्ध तिथल्या जिल्हा न्यायाधीशांनी उच्च न्यायालयाला पत्र लिहिले. गांधीजींनी ते पत्र ‘यंग इंडिया’त छापले, म्हणून १९२०मध्ये त्यांनाच न्यायालयाच्या अवमानाबद्दल समज मिळाली.

स्वातंत्र्यानंतर, १९६१च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टने सनद काढण्याचा अधिकार राज्य बार कौन्सिलच्या शिस्तपालन समितीकडे दिला. समितीत तिघे, तिघेही वकील. कलम ३५नुसार समज देणे, काही काळ वकिली बंद ठेवणे किंवा नाव कायमचे कमी करणे, या शिक्षा त्यांच्या हातात आल्या. त्यावर अपील दिल्लीच्या बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात.

या व्यवस्थेची खरी कसोटी मुंबईत लागली. एस्प्लनेड मॅजिस्ट्रेट कोर्टाच्या दारात काही वकील अशील गाठायला उभे राहत. कोणी आले की धाव घ्यायची, कागद हिसकायचे, फी पाडून सांगायची, प्रसंगी आपसांत हातघाईवर यायचे. राज्य कौन्सिलने त्यांना दोषी धरले. दिल्लीच्या समितीने मात्र नियमाचा कीस काढून सोडून दिले. आता महाराष्ट्राचे कौन्सिल त्याविरुद्ध अपील करू शकते का, इथूनच वाद सुरू झाला! सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी १९७५मध्ये ‘करू शकते’ असे सांगितले. मग गुणदोषांवरच्या निकालात न्या. कृष्ण अय्यर यांनी त्या झुंबडीचे वर्णन अशा भाषेत केले, की ते वाचताना आजही वकिलाला लाज वाटावी. नियमाचे तुकडे पाडून पळवाट काढणेही त्यांनी मान्य केले नाही. महाराष्ट्राच्या कौन्सिलने आपल्याच लोकांविरुद्ध दिल्लीपर्यंत लढा दिला, याचे श्रेय त्याला द्यायलाच हवे.

पण तोच उत्साह रोजच्या तक्रारींत दिसायला हवा. कोर्टात भरायला दिलेले पैसे भरलेच नाहीत, तारखेला वकील हजरच नव्हते, फी थकली म्हणून फाइल अडवली, असे गाऱ्हाणे घेऊन येणारा माणूस सिन्नरचा असो की पेठचा, त्याला दाद राज्य कौन्सिलकडेच मागायची असते. फाइल अडवून ठेवणे हे गैरवर्तनच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०००मध्ये सांगितले आहे. मे २०२४च्या निकालाने ग्राहक न्यायालयाचा दरवाजाही बंद झाला, कारण वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात बसत नाही. दुसऱ्या बाजूला, प्रतिपक्षाच्या वकिलावर सूड म्हणून केलेल्या तक्रारीही येतात. त्या वेळीच न फेटाळल्याबद्दल २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिललाच ५० हजार रुपये खर्च भरायला लावला.

अडचण मुळातच आहे. कौन्सिलचे सदस्य वकिलांच्या मतांवर निवडून येतात आणि त्याच मतदारांना शिस्त लावायची असते. खऱ्यांची सनद काढणारी सत्ता वकिलांच्या हातात आली ती अशा माणसांच्या किमतीवर. ती मतांच्या हिशेबात अडकली तर सरकारला पुन्हा हात घालायला निमित्त मिळेल. समितीत निवृत्त न्यायाधीश आणि एखादा बिगरवकील असावा, असे माझे मत आहे.

तोवर अशिलांनी एवढे करावे: दिलेल्या पैशांची पावती घ्यावी, वकीलपत्राची प्रत जवळ ठेवावी, आणि तक्रार केली असेल तर तारीख लिहून ठेवावी. कलम ३६-बनुसार राज्याच्या समितीने एका वर्षात निकाल दिला नाही, तर प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जाते.