निळे कवच आणि आखूड तुरा

कोंबडीच्या अंड्याचे कवच जगात बहुतेक ठिकाणी पांढरे किंवा तपकिरी असते आणि या दोहोंमधल्या दुधाळ, मातकट छटांपलीकडे ते सहसा जात नाही. आपल्याकडच्या गावरान कोंबडीचे अंडे याच मधल्या छटांतले असते, आणि काळ्या मांसामुळे जिचे अंडेही काळे असल्याचा समज पसरला आहे त्या कडकनाथ कोंबडीचे अंडेही प्रत्यक्षात फिकट तपकिरीच निघते. या नियमाचा सर्वांत प्रसिद्ध अपवाद म्हणजे दक्षिण अमेरिकेतील चिली देशाच्या अरौकानिया भागात मापुचे लोकांनी पाळलेल्या कोंबड्या, ज्यांच्या अंड्याचे कवच आतून-बाहेरून निळे असते. साल्व्हादोर कास्तेयो या स्पॅनिश कुक्कुटतज्ज्ञाने १९२१ साली हेग येथील पहिल्या जागतिक कुक्कुट परिषदेत या पक्ष्यांचे वर्णन केले, तेव्हा ही एक स्वतंत्र प्रजातीच असावी असे त्याला वाटले होते. पुढे ती साधी पाळीव कोंबडीच असल्याचे त्याने मान्य केले, पण तोवर युरोप-अमेरिकेतल्या हौशी पालकांचे लक्ष या निळ्या अंड्यांकडे वळलेले होते.

अमेरिकेत अरौकाना या नावाने जी कोंबडी प्रमाणित झाली तिला शेपटी नसते आणि तिच्या कानांजवळ पिसांचे झुपके असतात. हे झुपके दिसायला डौलदार असले, तरी ज्या जनुकामुळे ते येतात त्याची प्रत आई आणि बाप अशा दोघांकडूनही आली, तर पिल्लू अंड्यातच मरते. त्यामुळे झुपकेदार जोडीची अंडी उबवायला ठेवली की त्यांतली साधारण चौथाई वाया जाणार, हे आनुवंशिकतेच्या साध्या गणितानेच ठरलेले असते. हा तोटा टाळण्यासाठी काही अमेरिकी पैदासकारांनी निळे अंडे राखून शेपटी असलेला, झुपके नसलेला, पण गालांवर आणि हनुवटीखाली दाट पिसांची दाढी असलेला वाण स्थिर केला, आणि १९८४ साली ‘अमेरौकाना’ या नावाने त्याला अमेरिकेत अधिकृत मान्यता मिळाली. विसाव्या शतकाच्या मध्यापूर्वी मान्यता मिळालेल्या वाणांनाच ‘वारसा वाण’ म्हणावे, अशी एक व्याख्या तिथे वापरली जाते, आणि त्या हिशेबाने अमेरौकाना अगदी नवी ठरते. तिच्यातले निळे रक्त मात्र कितीतरी जुने आहे.

निळा रंग येतो बिलिव्हर्डिन या रंगद्रव्यापासून. रक्तातील हीम या लोहयुक्त घटकाचे विघटन होताना ते तयार होते, आणि मुका मार लागून काळीनिळी पडलेली माणसाची त्वचा काही दिवसांनी हिरवट दिसू लागते तीही याच द्रव्यामुळे. तपकिरी रंगाचे द्रव्य वेगळे असते, त्याचे नाव प्रोटोपॉर्फिरिन. कोंबडीच्या शरीरात अंडे तयार व्हायला सुमारे पंचवीस तास लागतात, त्यांपैकी वीसेक तास ते कवचग्रंथीत, म्हणजे कवचाचे कॅल्शियम कार्बोनेट जिथे साचते त्या भागात असते. तपकिरी द्रव्याचा बहुतांश थर या मुक्कामाच्या अखेरीस वरून चढतो, तर बिलिव्हर्डिन कवच घडत असतानाच त्याच्या सबंध जाडीत मुरते. म्हणूनच तपकिरी अंडे फोडले तर कवच आतून पांढरट दिसते आणि निळे अंडे आतूनही निळेच राहते. निळ्या कवचावर तपकिरी थर चढला की अंडे हिरवे दिसते, आणि थर गडद असेल तर शेवाळी. रंगीबेरंगी अंड्यांची टोपली हवी असणारे पालक निळ्या आणि गडद तपकिरी अंड्यांच्या वाणांचा संकर करतात तो या बेरजेसाठीच. कवचाच्या रंगाने अंड्याची चव किंवा पौष्टिकता बदलत नाही, विक्रेते काहीही सांगोत.

हे द्रव्य कवचापर्यंत इतक्या प्रमाणात पोहोचते कसे, याचा उलगडा २०१३ साली झाला, आणि तो रंगापेक्षाही विलक्षण होता. रेट्रोव्हायरस हा विषाणूंचा असा प्रकार आहे जो आपला जनुकीय मजकूर यजमानाच्या डीएनएमध्येच घुसवून ठेवतो. अशाच एका विषाणूचा तुकडा फार पूर्वी कोंबडीच्या पहिल्या गुणसूत्रावर, एसएलसीओ१बी३ या जनुकाच्या लगत येऊन बसला. हे जनुक ज्या प्रथिनाची कृती सांगते ते पेशीच्या आवरणातून पित्तक्षारांसारख्या द्रव्यांची ने-आण करते आणि एरवी त्याचे काम मुख्यतः यकृतात चालते. विषाणूच्या तुकड्यामुळे ते कवचग्रंथीतही जागे झाले, आणि तिथे बिलिव्हर्डिनचा साठा वाढू लागला. चीनमधील दोंगशियांग आणि लुशी या देशी कोंबड्याही निळी अंडी देतात. त्यांच्यातही त्याच विषाणूचा तुकडा त्याच जनुकाजवळ सापडला, पण तो बसल्याची नेमकी जागा चिलीच्या कोंबड्यांतील जागेपेक्षा वेगळी निघाली. म्हणजे हा अपघात एकाच ठिकाणी घडून व्यापाराबरोबर जगभर पसरला नाही, तो निदान दोनदा स्वतंत्रपणे घडला.

कोंबडी थंडी कशी सोसते हा प्रश्न वरकरणी याहून अगदी निराळा आहे, पण तुऱ्यामुळे तो पुढे निळ्या अंड्याशीच येऊन जुळतो. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात, आणि तिचा तुरा हा रक्तवाहिन्यांनी भरलेला उघडा भाग शरीरातील उष्णता बाहेर टाकण्याचे काम करतो. उन्हाळ्यात ही सोय असते, पण कॅनडात किंवा अमेरिकेच्या उत्तर भागात पारा शून्याखाली खूप उतरला की लेगहॉर्नसारख्या वाणाच्या उंच, दातेरी, एकेरी तुऱ्याची टोके गोठून काळी पडतात. क्युबेकमधील ओका येथील मठात विसाव्या शतकाच्या आरंभी घडवलेल्या शाँतेक्लेर या वाणात म्हणूनच तुरा अगदी बसका, उशीसारखा ठेवला गेला. अंडी मात्र तपकिरी. अमेरौकानाचा तुरा वाटाण्याच्या शेंगेसारखा, तीन बुटक्या ओळींचा असतो, आणि चोचीखालच्या लाल लोंबत्या पाळ्याही तिच्यात जवळजवळ नसल्यामुळे त्या पाणी पिताना भिजून गोठण्याचा धोका उरत नाही. या वाटाणा तुऱ्याचे कारण २००९ साली स्पष्ट झाले: सॉक्स५ नावाच्या जनुकातील एक तुकडा अनेक वेळा पुनरावृत्त झाल्याने ते भ्रूणावस्थेत नको त्या पेशींत कार्यरत होते आणि तुऱ्याची वाढ खुंटते. हाच तुरा भारतातील असील या झुंजीच्या कोंबड्यालाही असतो, आणि असील काही बर्फाळ प्रदेशातला नाही. तेव्हा हा तुरा थंडीसाठी घडला असे म्हणता येत नाही, थंडीत तो उपयोगी पडला एवढेच म्हणावे लागते.

तुरा कितीही आखूड असला तरी कोंदट खुराड्यात तो गोठू शकतो. रात्रभरचा श्वास आणि विष्ठा यांतून निघालेला ओलावा बंद हवेत साचतो आणि उघड्या कातडीवर बसतो, म्हणून अनुभवी पालक खुराडे उबदार करण्यापेक्षा कोरडे ठेवण्याला महत्त्व देतात: झरोके बसण्याच्या दांड्यापेक्षा उंच, दांडा रुंद आणि चपटा, म्हणजे बसल्यावर पिसांखाली पाय झाकले जातात, आणि खाली कोरड्या भुशाची जाड गादी. कणखरपणा आणि हिवाळ्यातली अंडी या दोन गोष्टी मात्र एक नव्हेत, आणि विक्रीच्या जाहिरातींत त्यांची सर्रास गल्लत होते. अंडी देण्याचा हुकूम सुटतो तो दिवसाच्या लांबीवरून. कवटीतून आत झिरपणारा प्रकाश मेंदूतील संवेदी पेशी टिपतात, आणि भरघोस अंड्यांसाठी रोज चौदा ते सोळा तासांचा उजेड लागतो. थंडी निर्धास्त सोसणारी अमेरौकानाही डिसेंबरच्या आखूड दिवसांत कमी अंडी देते.

पैदासकाराची खरी अडचण कोंबड्याची असते. निळ्या अंड्याचा गुण निम्मा त्याच्याकडून येतो, पण तो स्वतः अंडी देत नसल्याने त्याच्यात हा गुण आहे की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. त्याच्या मुली तलंगा होऊन अंड्यावर येईपर्यंत वाट पाहायची, तर सहा-सात महिने जातात. इथे तुरा मदतीला येतो. निळ्या कवचाचे जनुक प्रभावी आहे, म्हणजे त्याची एकच प्रत असली तरी रंग उतरतो, हे केंब्रिजच्या रेजिनाल्ड पनेट यांनी १९३३ साली दाखवले होते. पुढे १९३९ साली कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी ते वाटाणा तुऱ्याच्या जनुकाच्या शेजारीच, त्याच गुणसूत्रावर असल्याचे दाखवून दिले. शेजारची जनुके बहुधा एकत्रच पुढच्या पिढीत जातात. या जोडीची फारकत शंभरात चार-पाच वेळाच होते. त्यामुळे ज्या कळपात हे दोन गुण एकत्र नांदत आहेत तिथे आखूड तुऱ्याचा कोंबडा निवडला, की थंडीची आणि रंगाची अशा दोन्ही तजविजी एकदमच होतात.

पण फारकत होते ती होतेच. पनेट आणि त्यांचे सहकारी मायकेल पीज यांनी घडवलेला आणि १९५८ साली ब्रिटनमध्ये मान्यता मिळालेला क्रीम लेगबार हा वाण निळी अंडी देतो, पण त्याचा तुरा लेगहॉर्नसारखाच उंच आणि एकेरी आहे. तिथे निळ्या रंगाच्या शेजारी साध्या तुऱ्याचे जनुक येऊन बसले आहे, आणि अशा कळपात तुऱ्यावरून रंग ओळखू गेल्यास अंदाज हमखास चुकतो. आता पिसाच्या मुळातल्या डीएनएवरून विषाणूचा तो तुकडा थेट तपासता येतो, तोही कोंबडा अजून पिल्लू असतानाच.