पान कोणी वाढावयाचे?

अतिथीच्या भोजनाची सोय आपल्याकडे दोन प्रकारे होत आली आहे. वाढलेले पान त्याच्यापुढे मांडावे, अथवा शिधा देऊन चुलीची जागा दाखवावी. श्रोतेहो, इंटरनेटवरील पानांचा वादही हाच आहे. पहिल्या रीतीत सर्व्हर, म्हणजे दूरचा मोठा संगणक, पान पुरते रचून धाडतो. आपल्या फोनने ते फक्त दाखवावयाचे. दुसरीत तो कच्ची माहिती आणि जावास्क्रिप्ट भाषेतील आज्ञावली धाडतो. रांधण्याचे काम फोनचे.

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली सर्न या संस्थेत जी कल्पना मांडली, तिच्यातून पहिली रीत आली. तिची अडचण अशी, की चिमूटभर मीठ हवे असले तरी सारे पान पुन्हा मागवावे लागे. १९९५ साली जावास्क्रिप्ट आली. पुढे २००५ साली गूगलचा नकाशा सरकविताच पुढचा तुकडा आपोआप येऊन जुळू लागला, तेव्हा लोक थक्क झाले. मग जो तो शिधाच वाटू लागला!

ट्विटरने २०१० साली हेच केले. त्याच्या पत्त्यांत हॅशचे चिन्ह असे, आणि त्या चिन्हापुढचा मजकूर ब्राउझर सर्व्हरला कळवीतच नाही. त्यामुळे पाहुण्याला काय हवे हे यजमानाला ठाऊक नसे. आधी आज्ञावली उतरावयाची, तिने पत्ता वाचावयाचा, पुन्हा मागणी करावयाची, मग पान! मे २०१२ मध्ये ट्विटरने ही रचना परत सर्व्हरकडे घेतली; पान प्रथम उघडण्याचा वेळ पूर्वीच्या एक-पंचमांशावर आला, असे त्यानेच जाहीर केले.

नकाशाला किंवा चित्रे काढण्याच्या साधनाला शिधा हवाच. परंतु विजेचे बिल वा परीक्षेचा निकाल पाहावयाला कशासाठी? रचनाकार आपले काम महागड्या संगणकावर तपासतो. बॅटरी आणि डेटा खर्च होतो तो स्वस्त फोन बाळगणाऱ्याचा. हा हिशेब रचनाकाराच्या वहीत क्वचितच चढतो.

२०२० साली आलेल्या एचटीएमएक्सने मधली वाट काढली आहे. सर्व्हर तयार तुकडाच पाठवितो, आणि तो पानात जागच्या जागी बसतो. सारे पान बदलावे लागत नाही. मात्र त्यासाठी बहुधा दर वेळी सर्व्हरला हाक मारावी लागते, आणि गाडी खंडाळ्याच्या बोगद्यात शिरून संपर्क तुटला, की ती हाक पोचत नाही. तेथे शिधा जवळ असलेलाच जेवतो.