निसर्गचित्रातील प्रकाश आणि पाहणाऱ्याचे मत

काही वर्षांपूर्वी बेलूर येथील आमच्या शाळेत एका विद्यार्थ्याने जलरंगातील एक निसर्गचित्र मला दाखविले. आषाढातील शेत होते. आभाळ राखी, तांबडी माती काहीशी मंद, दूरची झाडे फिकट निळसर. मी म्हणालो, ‘‘आभाळ जरा निळे कर, माती लाल कर, झाडे हिरवीगार कर, चित्र उठून दिसेल.’’ मुख्याध्यापकांचा शब्द त्याने मानला. दुसऱ्या दिवशी चित्र उठून दिसत होते खरे. पण त्यातला पाऊस नाहीसा झाला होता! ही चूक माझी होती, आणि ती कशी घडली याचा विचार शिक्षकबंधूंसमोर मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

झाड हिरवे, आभाळ निळे, हे आपण लहानपणी शब्दांबरोबर शिकतो, आणि पुढे डोळ्यांनी पाहण्याऐवजी त्या शब्दांनीच पाहू लागतो. वस्तूचा दिसणारा रंग मात्र तिच्यावर पडणाऱ्या प्रकाशावर अवलंबून असतो. ढगाळ दिवशी उजेड सर्व बाजूंनी पसरून येतो. त्यामुळे सावल्यांच्या कडा विरतात आणि रंगांची तीव्रता उतरते. दूरच्या वस्तू आणि आपण यांच्यामध्ये हवेचा जाड थर असतो. तो निळा प्रकाश अधिक विखुरतो, म्हणून दूरची झाडे निळसर दिसतात. त्या मुलाने पाहिले तेच रंगविले होते. मी मात्र मला ठाऊक असलेले त्याच्यावर लादले.

शिवाय एक रंग बदलला की शेजारचाही बदललेला भासतो. शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३९ साली आपल्या ग्रंथात हा नियम सविस्तर मांडला. राखी आभाळाखाली शांत दिसणारी तांबडी माती निळ्या आभाळाखाली नारिंगी होऊन ओरडू लागते. म्हणून ‘आभाळ तेवढे निळे कर’ ही सूचना एकट्या आभाळापुरती कधीच राहत नाही.

आपल्याकडे या विषयाचे मोठे उदाहरण कोल्हापूरचे आबालाल रहमान यांचे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून ते कोल्हापुरास परतले, आणि कोटितीर्थाचा परिसर त्यांनी वेगवेगळ्या प्रहरी पुनःपुन्हा रंगविला. फ्रान्समध्ये मोने यांनी १८९०-९१ च्या सुमारास गवताच्या गंजी अशाच निरनिराळ्या उजेडात चितारल्या. स्थळ तेच, प्रकाश निराळा. म्हणून प्रत्येक चित्र निराळे. छत्रपती शाहू महाराज आबालालांचे आश्रयदाते होते. १९२२ साली महाराज निवर्तल्यावर आबालालांनी आपली पुष्कळशी चित्रे पाण्यात सोडून दिली, असे सांगितले जाते. जाणून पाहणारा डोळा कलावंताला किती हवासा असतो, याची कल्पना त्या आख्यायिकेवरूनही यावी.

तेव्हा मत मागावे कसे आणि द्यावे कसे? चित्रकाराने ‘कसे आहे?’ एवढेच विचारू नये. वेळ कोणती, सूर्य कोणत्या बाजूस, आणि आपल्याला काय पकडावयाचे होते, हे सांगावे. मत शक्यतो लहानशा कच्च्या रंगचित्रावर घ्यावे. जलरंगात कागदाचा पांढरेपणा हाच उजेड असतो आणि एकदा झाकला की तो पूर्ववत मिळणे कठीण. पाहणाऱ्याने प्रथम डोळे अर्धवट मिटून केवळ उजळ-काळोखाची मांडणी पाहावी. ती डळमळीत असेल तर रंगांची चर्चा व्यर्थ होय. लिओनार्दोने चित्र आरशात पाहण्याचा सल्ला दिला आहे; त्याने सवयीचा डोळा नवा होतो. आज खिशातील मोबाईलवर चित्राचे कृष्णधवल छायाचित्रही क्षणात घेता येते. त्यानंतर आपल्याला काय दिसते ते सांगावे, मग शंका विचारावी, आणि सूचना सर्वांत शेवटी करावी. आपला कुंचला त्याच्या कागदावर मात्र चालवू नये.

निबंधाच्या वहीत तांबडी शाई चालविताना आपण हेच विसरतो. मुलाने आपल्या गावची पहाट लिहिलेली असते. आपण तिच्या जागी पाठ्यपुस्तकातील पहाट बसवितो.

त्या मुलाने पुढे पुष्कळ दिवसांनी आणखी एक चित्र आणले. त्यातही आभाळ राखीच होते. या वेळी मी विचारले, ‘‘किती वाजताचे हे?’’ तो म्हणाला, ‘‘शाळा सुटल्यावरचे, सर. पाऊस यायच्या आधीचे.’’ मग बांधावरच्या एका उजळ पट्ट्याविषयी तो आपण होऊन बराच वेळ बोलत राहिला, आणि मी ऐकत होतो.